डबी मिटेपर्यंत

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. आज गोष्ट देवळातली नाही, लंडनच्या स्टॅनमोरमधल्या एका स्वयंपाकघरातली आहे. आणि ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही, म्हणून जवळ बोलावलं.

तर, मधुमतीबाईंनी भुवयांची पेन्सिल हातात घेतली, मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेतलं आणि समोरच्या चेहऱ्यावर पहिली रेघ ओढली. रेघ वाकडी गेली.

"हलू नका हं, फुमिकोसान."

"मी हलत नाही, मधुसान. तुम्ही हलताय."

खरंच होतं ते. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मधुमतीबाईंनी कुणाच्या चेहऱ्याला रंग लावला असेल तर तो भाद्रपदातल्या गौरींच्या मुखवट्यांना. आणि गौरी बिचाऱ्या काही बोलत नाहीत. इथे समोर बसली होती शेजारच्या घरातली फुमिको ओकाबे, वय वर्षं चौऱ्याहत्तर, ताठ पाठीची, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. फेब्रुवारीत औषधांच्या दुकानाबाहेर बर्फाळ फरशीवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. पातळसा फाउंडेशनचा थर ती डाव्या हाताने कसाबसा घरून लावून यायची. त्याशिवाय ती मधल्या कुंपणाच्या अलीकडेसुद्धा आली नसती. पण भुवया, ओठ आणि शेवटची पावडर डाव्या हाताच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पिनरच्या नर्सिंग होमला जायच्या आधी, ती मधुमतीबाईंच्या टेबलाशी येऊन बसायची. सोबत एक काळी लाखेची डबी आणि जुन्या पासपोर्टवरचा एक फोटो.

"असा चेहरा हवा," पहिल्याच दिवशी फोटो टेबलावर ठेवून ती म्हणाली होती. "जास्त नको. कमीही नको. मेकअप केलाय हे दिसलं तर वाईट, केलेला नाही हे दिसलं तर त्याहून वाईट."

मधुमतीबाईंनी त्या दिवशी जीव ओतून काम केलं. झाल्यावर फुमिकोने आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि नम्रपणे विचारलं,

"मधुसान, आज मी कुणावर रागावले आहे का?"

दोघी इतक्या हसल्या की लिपस्टिक पुन्हा लावावी लागली.

दोघींचं बोलणं चालायचं इंग्रजीत. एकीचं इंग्रजी नागपूरच्या शाळेतलं, दुसरीचं जपानातल्या नीगाताच्या. दोन्ही शाळा आपापल्या जागी फार लांब, त्यामुळे इंग्रजीच्या चुका कुणी कुणाच्या काढत नसे. फुमिकोला 'मधुमती' म्हणायला जड जायचं, म्हणून तिने अर्धं नाव ठेवून पुढे 'सान' जोडलं. मधुमतीबाईंना ते आवडलं. आपल्याकडे बाई म्हणतो, ताई म्हणतो, तसंच की.

नर्सिंग होममध्ये होते तेरुओ ओकाबे, फुमिकोचे यजमान. चाळीस वर्षं हा माणूस उत्तर लंडनमध्ये घरोघर जाऊन पियानोचे सूर लावून देत होता. खोलीत शिरल्या शिरल्या नुसती टिचकी मारून तार कुठे उतरलीय ते सांगायचा, असा कान. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांची स्मृती फारच विसविशीत झाली, घर सांभाळवेना, आणि त्यांना पिनरला ठेवावं लागलं. तरी जानेवारीपर्यंत ते बायकोला ओळखत होते. निदान फुमिको तसं सांगायची. मग तिचा हात मोडला, तीन आठवडे जाता आलं नाही, आणि त्यानंतर ती डाव्या हाताने कसाबसा रंगवलेला चेहरा घेऊन गेली, तेव्हा तेरुओंनी खुर्चीतल्या खुर्चीत कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "ओकुसान, या, बसा."

ओकुसान म्हणजे दुसऱ्याची बायको. वहिनीसाहेब म्हणावं तसं.

"चेहरा नीट नव्हता ना त्या दिवशी," फुमिको म्हणाली. "माझी चूक."

आणि तेव्हापासून मधुमतीबाई विठ्ठलाचं नाव घेतल्याशिवाय पेन्सिल उचलत नसत. कारण आता तो चेहरा त्यांच्या हातात होता. मंगळवारी भुवई चुकली तर एका माणसाची बायको परकी होणार होती. एच-ट्वेल्व्ह बसने दोघी पिनरला जायच्या, तेरुओ वाकून नमस्कार करायचे, हवापाण्याचं विचारायचे, आणि थोड्या वेळाने घड्याळाकडे बघून काळजीने म्हणायचे, "ओकुसान, उशीर होतोय. तुमचे यजमान वाट बघत असतील." फुमिको म्हणायची, "हो, निघते." परतीच्या बसमध्ये ती पासपोर्टचा फोटो काढून बघत बसायची, आणि मधुमतीबाई खिडकीबाहेर.

मधुमतीबाईंची सून ईशिता. नोकरी लंडनच्या भर सिटीत, जीभ धारदार, मन लोण्याचं. पण लोणी फ्रिजमधलं, जरा बाहेर ठेवावं लागतं. एका शुक्रवारी ती घरून काम करत होती. फुमिको गेल्यावर टेबलावरचे कापसाचे बोळे बघून ती म्हणाली,

"आई, सिरियसली? सेव्हन्टी-फोर वर्षांची बाई, हात मोडलाय, आणि तुम्ही तिला लिपस्टिक लावताय, का तर नवरा ओळखेल म्हणून?"

"मग?"

"मग काय मग! त्याने तिला तशीच ओळखायला पाहिजे ना. इट्स सो अनफेअर."

"तू नाही का गं रोज जुबिली लाइनच्या ट्रेनमध्ये बसून डोळे रंगवत? कॅनन्स पार्कला एक, वेम्ब्ली पार्कला दुसरा."

"ते मी माझ्यासाठी करते."

"बरं. मग शनिवारी घरात का नाही करत?"

ईशिता लॅपटॉप उचलून वर गेली. मधुमतीबाई जिन्याखालून म्हणाल्या,

"अगं, देवाचं स्नान-पोशाख होईपर्यंत गाभाऱ्यालाही पडदा असतोच की. भक्त काही म्हणत नाहीत, बाहेर उभे राहतात."

"तो देव आहे, आई!" वरून आवाज आला. "त्याला कुणी जॉबवर विचारत नाही, 'आज बरं नाही का तुला?'"

हे मात्र खरं होतं. फुमिकोनेच सांगितलं होतं, तिची भाची तिकडे जपानात कचेरीत एकदा मेकअपशिवाय, मोकळ्या चेहऱ्याने गेली, तर तिला हेच विचारलं होतं. मधुमतीबाईंनी कापसाचे बोळे गोळा केले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक नवाकोरा बारीक ब्रश पडला होता, आणि चिठ्ठी: 'पेन्सिल नको, याने करा. छोटे छोटे स्ट्रोक्स, केसासारखे. ई.'

त्या ब्रशने भुवया सुधारल्या. पुढच्या मंगळवारी फुमिकोने आरशात पाहिलं आणि मान हलवली. मग बोलायला लागली. तिचं बोलणं कीर्तनात रंग चढावा तसं होतं, आधी संथ, मग थांबत नसे.

"लग्नाच्या आदल्या दिवशी आईने ही डबी दिली. म्हणाली, तो झोपल्यावर झोपायचं. तो उठायच्या आधी उठायचं. मोकळा चेहरा त्याला दाखवायचा नाही. घरातल्या माणसालासुद्धा मान द्यावा लागतो. आता तिकडच्या मुली हसतील मला. पण मी केलं. अठ्ठेचाळीस वर्षं. रोज पाच वाजता."

"रोज? आजारी असताना?"

"आजारी असताना साडेचारला. वेळ जास्त लागतो." ती हसली. "पण मी नशीबवान, मधुसान. त्यांची झोप फार गाढ. अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही माझ्या आधी उठले नाहीत. माझं सगळं झालं की मी डबी मिटायची, टक्, आणि त्या क्षणी ते डोळे उघडायचे. घड्याळ लावल्यासारखे."

"आमच्या ह्यांना उठवायला कुकरची तिसरी शिट्टी लागायची," मधुमतीबाई म्हणाल्या. आणि आठ वर्षांपूर्वी गेलेले दीनानाथ त्या स्वयंपाकघरात क्षणभर जांभई देऊन गेले.

फुमिकोने त्यांच्या कपाळाकडे बोट केलं. भुवयांच्या मध्ये बुक्क्याचा काळा ठिपका होता.

"हे कधी विचारलं नाही मी. हे नवऱ्यासाठी?"

"नवऱ्यासाठी लाल होतं. ते गेले, मी लाल पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं, हातच गेला. मग कपाळ फार उघडं वाटायला लागलं. हा विठ्ठलाचा. तो काही कुठे जात नाही."

"म्हणजे तुमचाही मेकअप आहे."

"आहे की," मधुमतीबाई म्हणाल्या आणि पावडरचा शेवटचा हात फिरवला. चेहरा हुबेहूब पासपोर्टमधल्यासारखा झाला होता. तीस वर्षं सोडली तर.

त्या दिवशी बसमध्ये दोघी उमेदीने बसल्या होत्या. पिनरला पोचल्यावर तेरुओंनी फुमिकोकडे नीट निरखून पाहिलं. मग ते वाकले.

"ओकुसान," ते म्हणाले, "माझी बायको आली नाही अजून. तुम्ही तिला रस्त्यात पाहिलं का हो?"

फुमिकोने सांगितलं, पाहिलं, येते आहे. परतताना तिने फोटो काढला नाही.

आणि मग मार्चमधला तो सोमवार. सकाळचे सात वाजायचे होते. ईशिता दारात बूट चढवत होती. मधुमतीबाईंचा मुलगा अंबरीश कामासाठी ब्रिस्टलला गेलेला. बेल वाजली. दारात फुमिको उभी. टोपी कपाळापर्यंत, मफलर हनुवटीपर्यंत, मध्ये पांढरा मास्क. दिसत होते फक्त डोळे. प्लास्टरच्या झोळीत काळी डबी खोचलेली.

"फोन आला," ती म्हणाली. "छातीत कफ भरलाय. रात्र वाईट गेली. लवकर या म्हणाले." आणि मग हळू आवाजात, जणू हाच खरा अपराध, "आज मला काहीच लावता आलं नाही. हात थरथरतोय."

मधुमतीबाई बसचं वेळापत्रक आठवू लागल्या. ईशिताने बॅग खाली टाकली.

"कसली बस? चला, मी सोडते. आई, कोट घाला." आणि फोन कानाला लावून, "हाय, मी लेट येईन आज. नो, फॅमिली इमर्जन्सी. हो, फॅमिली."

गाडीत ईशिताचेही डोळे त्या दिवशी कोरेच होते. ट्रेन चुकली होती ना. मधुमतीबाई मागच्या सीटवर फुमिकोचा डावा हात धरून नामस्मरण करत होत्या. हात गार होता.

नर्सिंग होमच्या दाराशी नर्स भेटली. म्हणाली, पहाटे ताप उतरलाय, औषध लागू पडतंय, आता झोपलेत. बसा तुम्ही, उठवू नका मात्र.

"झोपलेत?" फुमिकोने विचारलं, आणि मास्कवरचे डोळे एकदम सावध झाले. "मधुसान, मग आत्ताच. ते उठायच्या आत. लवकर."

ईशिता चहा बघायला गेली. खोलीत पडदे अर्धे ओढलेले. तेरुओ पांढऱ्या चादरीखाली इतकेसे दिसत होते, उशीवर चेहरा, मिटलेले डोळे, श्वासाला बारीक खरखर. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि त्याच्यावर आरसा. फुमिकोने खुर्ची तिथे ओढली, पलंगाकडे पाठ करून बसली, अठ्ठेचाळीस वर्षं बसत होती तशीच. डबी उघडून बेसिनच्या काठावर ठेवली. टोपी काढली. मफलर काढला. मग मास्कची दोरी एका कानावरून सोडवली.

मधुमतीबाईंनी तो चेहरा पहिल्यांदाच पाहिला. गालांवर तपकिरी डाग, भुवया जवळजवळ नाहीतच, डाव्या डोळ्याखाली एक छोटा तीळ, जो पासपोर्टच्या फोटोत नव्हता. म्हातारा म्हणावा तर म्हातारा नाही. सकाळी उठून परसात गेलेल्या एखाद्या मुलीसारखा, कुणाची नजर न लागलेला चेहरा.

"बघू नका," फुमिको म्हणाली. "करा."

मधुमतीबाईंनी स्पंजला हात घातला, तोच दार ढकललं गेलं आणि औषधांची ट्रॉली खडखडत आत आली. ट्रॉलीचा कोपरा बेसिनला लागणार, डबी कलंडणार आणि सगळी पावडर फरशीवर जाणार, हे मधुमतीबाईंना दिसलं, आणि त्यांनी झटकन डबी मिटली.

टक्.

नर्स "सॉरी, सॉरी, नंतर येते," म्हणत ट्रॉली मागे घेऊन गेली. दार लागलं. फुमिको मान खाली घालून प्लास्टरकडे बघत होती. मधुमतीबाईंनी सुटकेचा श्वास सोडून आरशात पाहिलं, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

आरशात, फुमिकोच्या खांद्यामागे, तेरुओंचे डोळे उघडे होते.

झोपेतून उठलेल्या माणसाचे नव्हते ते डोळे. कधीचा जागा असलेला माणूस खूण मिळाल्यावर जसे उघडेल तसे. ते आरशातल्या त्या उघड्या चेहऱ्याकडे बघत होते, डागांकडे, तिळाकडे. आणि मग, काहीतरी आपल्याकडून घाईने झालं हे उमजल्यासारखं, त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. घट्ट. लपाछपीत राज्य आलेल्या पोरासारखे, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत.

मग उशीवरून खरखरीत आवाज आला. चार-पाच शब्द. मधुमतीबाईंना त्यातला एकच कळला. पहिलाच. फुमिको.

फुमिकोची पाठ आधीच ताठ होती. ती आणखी ताठ झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. खाली घातलेली मान हळूहळू वर आली, आरशापर्यंत. तिथे मिटलेले डोळे होते, आणि ओठांच्या कडेला हसू लपवायचा खटाटोप.

"काय म्हणाले?" मधुमतीबाईंनी कुजबुजत विचारलं.

नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा.

"म्हणाले..." फुमिकोने इंग्रजी शब्द एकेक करून शोधले. "'फुमिको, मी अजून झोपलोच आहे. तुझं सावकाश होऊ दे.'"

मधुमतीबाईंनी स्पंज पुढे केला. का केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हातात होता म्हणून. फुमिकोने डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि तो अलगद खाली नेला. मग एका हाताने, अंगठ्याच्या नखाने, तिने ती काळी डबी पुन्हा उघडली, आवाज न करता, आणि उघडीच बेसिनच्या काठावर ठेवून दिली.

"मिटू नका हं, मधुसान," ती म्हणाली. डोळे आरशातच होते.

दार किलकिलं झालं. ईशिता तीन कागदी कप सांभाळत उंबऱ्यात उभी राहिली. तिने खुर्चीतल्या मोकळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं.

"झोपलेत का काका?"

"हो गं," मधुमतीबाई म्हणाल्या, आणि बुक्क्याच्या खाली त्यांचे डोळे भरून आले. "गाढ झोपलेत. हळू बोल."

झाली गोष्ट. आता टाळ उचला. पण एक मागणं आहे, ते पदरात टाका. उद्या सकाळी तुमच्या घरात कुणी आरशासमोर बसलेलं असेल आणि तुम्हाला आधी जाग आलेली असेल, तर उठायची घाई करू नका. डोळे मिटून पडून राहा, आणि पिनरच्या तेरुओ ओकाबेंची आठवण ठेवा.